मंडळाचे दप्तर कुणाच्या मोबाइलमध्ये?

आमच्या वस्तीतील महिला मंडळाचा एक मदत फंड आहे. प्रत्येक सभासद भगिनी महिन्याला २० रुपये भरते आणि कुणाच्या घरी मयत झाले की त्या घराला फंडातून रक्कम दिली जाते. रक्कम मोठी नाही. पण त्या दिवशी कुणापुढे हात पसरावा लागत नाही, एवढा तिचा आधार आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या एका मावशींचे यजमान वारले. पैसे काढण्याआधी हिशेब पाहू म्हटले, तर हिशेबच मिळेना. चार वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या हौसेने जुने रजिस्टर बंद करून सगळे मोबाइलवर घेतले होते. ते काम एकट्या सचिवताई करीत, त्यांच्याच मोबाइलवर आणि त्यांच्याच गूगल खात्यात. मग त्या मुलाच्या नोकरीमुळे परगावी गेल्या, प्रवासात मोबाइल हरवला आणि नव्या सिमबरोबर नंबरही बदलला. आता पासवर्ड आठवेना आणि ओटीपी जाई जुन्या नंबरवर. दरमहा ग्रुपवर येणारे यादीचे फोटो जागा भरते म्हणून आम्हीच पुसून टाकलेले!

मग कुजबुज सुरू झाली. “त्यांनी मधले काही महिने भरलेच नव्हते,” असे कुणीतरी म्हणाले. ते मावशींच्या कानावर गेले. दुःखाच्या घरातून त्या उठल्या, ट्रंकेतली चार वर्षांची कॅलेंडरे घेऊन समाजमंदिरात आल्या आणि आमच्यापुढे ठेवली. दुधाच्या खाड्यांशेजारी प्रत्येक महिन्यात पेन्सिलीने लिहिले होते, ‘फंड २०’. एकही महिना सुटलेला नव्हता. आम्हाला मान वर करवेना.

सचिवताईंना दोष देण्यात अर्थ नाही. सगळे ओझे त्यांच्यावर टाकून आम्ही निर्धास्त झालो होतो. फाइल मंडळाच्या कामाची असली, तरी ती ज्या खात्यात तयार होते त्या खात्याच्या मालकीची असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. शिवाय दोन वर्षे कुणी वापरलेच नाही, तर गूगल ते खाते काढूनही टाकू शकते.

वस्तीतल्याच कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने आम्हाला चार रविवार शिकवले. ‘काकू, घाबरू नका, बटण दाबल्याने मोबाइल फुटत नाही,’ असे ती हसत म्हणे. आधी मंडळाच्या नावाने वेगळे खाते उघडले. खाते परत मिळवण्यासाठी त्यात अध्यक्षांचा नंबर आणि खजिनदारांचा ई-मेल घातला. दुहेरी तपासणी चालू केली. मोबाइल हाताशी नसताना चालणारे दहा राखीव कोड कागदावर छापून कपाटात कुलपात ठेवले. एक कोड एकदाच चालतो, म्हणून वापरला की त्यावर काट मारायची. पदाधिकारी बदलले की त्याच सभेत नंबर आणि पासवर्ड बदलायचे, असा ठराव इतिवृत्तात लिहिला. ग्रुपलाही आता तीन अ‍ॅडमिन आहेत.

हिशेबाची यादी युनिकोड मराठीत टाइप करतो. आमची जुनी पत्रे ज्या फॉन्टमध्ये होती, तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. युनिकोडमध्ये ती अडचण येत नाही आणि नाव शोधले की लगेच सापडते. टाइप करता येत नाही त्या भगिनी मोबाइलवर बोलून लिहितात. चुका मात्र वाचून दुरुस्त कराव्या लागतात. महिनाअखेरीला यादीची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतो आणि एक छापून फाइलला लावतो. त्यावर दोघींच्या सह्या होतात. वर्गणी भरणारीला कागदी पावती मिळते.

आणखी एक गोष्ट त्या मुलीने पाठ करून घेतली. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजावे, पैसे आपल्याच खात्यातून जाणार. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करावा.

भगिनींनो, हे सारे शिकायला आम्हाला पैसा लागला नाही. आपल्या मंडळाच्या येत्या सभेत एवढेच विचारा: आज सचिवांचा मोबाइल हरवला, तर उद्या आपल्या हाती काय उरेल? उत्तर देताना कुणी अडखळले, तर त्याच दिवशी कामाला लागा.

मावशींना फंडाची रक्कम त्याच दिवशी दिली. पुढच्या महिन्यात त्या वर्गणी भरायला आल्या, पावती घेतली, नीट घडी करून बटव्यात ठेवली. आणि म्हणाल्या, “कॅलेंडरावर मी लिहिणारच हं!” आम्ही म्हटले, “मावशी, जरूर लिहा.”