मूठ, मनगट आणि कमठा

गेल्या पावसाळ्यात एका रात्री जेवताना लेकीच्या डाव्या हातातून पाण्याचा तांब्या निसटला. पाणी दस्तरख्वानावर सांडलं. तिने घाईने उजव्या हाताने तांब्या उचलला आणि डावा हात ओढणीखाली घेतला. तिच्या अम्मीने तो बाहेर ओढून पाहिला. मनगटाभोवती सूज होती. दोन आठवड्यांपासून दुखत होतं, पण पोरीने कुणाला सांगितलं नव्हतं. का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "अब्बा, आपनेच तो बोला था, ऐसाच पकडना."

माझा घास तोंडातच राहिला.

आम्ही पांढरकवड्याला राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, लेक नववीत आहे. दोन वर्षांपूर्वी तिने शाळेत तिरंदाजी सुरू केली, ती 'इंडियन राउंड'ची. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑलिम्पिकमध्ये दिसतं ते रिकर्व्ह धनुष्य आणि चाकांचं कंपाउंड धनुष्य, दोन्हींचा पूर्ण संच लाखांच्या घरात जातो. इंडियन राउंडमध्ये बांबूचं किंवा लाकडी धनुष्य असतं आणि नेम ५० आणि ३० मीटरवरून धरायचा असतो. गावाकडची पुष्कळ मुलं इथूनच सुरुवात करतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनमध्ये एकाच दिवशी जगज्जेते झाले. त्यांचा प्रकार कंपाउंडचा. पण आमच्याकडच्या पोरांना हातात बांबू घ्यायला तेवढं कारण पुरलं.

माझ्या उत्साहाचं कारण थोडं वेगळं होतं. एकदा आम्ही एसटीने यवतमाळला चाललो होतो. शेजारच्या माणसाने तिच्या लांब पिशवीकडे बघून विचारलं, "यात काय आहे?" प्रश्न साधाच होता. पण आजकाल माझ्यासारखी दाढीवाली माणसं असल्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी क्षणभर थांबतात. मीही थांबलो. लेकीने मात्र चेन उघडून धनुष्य दाखवलं. "खेळाचं आहे काका, स्पर्धेला चाललोय." तो माणूस खूश झाला आणि यवतमाळ येईपर्यंत तिच्याशी नेमाबद्दलच बोलत राहिला. थांबलो होतो तो मीच. त्या रात्री मनात आलं की हिला कळायला हवं, धनुष्य आपल्याही घरचं आहे.

मग मी वाचायला बसलो. सहीह मुस्लिममध्ये उक्बा बिन आमिर यांची हकीकत आहे. म्हातारपणीही ते दोन निशाणांच्या मध्ये ये-जा करत तीर मारायचे. या वयात हा त्रास कशाला, असं कुणी विचारलं, तर ते सांगायचे की तिरंदाजी शिकून सोडून देणं रसूलुल्लाहना पसंत नव्हतं. पुढे ममलुकांच्या काळातला तैबुगा आणि त्याचा तिरंदाजीवरचा अरबी ग्रंथ यांची ओळख झाली. १५०० च्या सुमाराच्या दुसऱ्या एका अरबी हस्तलिखिताचं इंग्रजी भाषांतर १९४५ साली प्रिन्स्टन विद्यापीठाने छापलेलं आहे, तेही फोनवर चाळलं. छाती फुगली. त्या परंपरेत पकड पक्की असते, जोर खालच्या तीन बोटांत असतो. मी लेकीला सांगितलं, "असं धर. अपने बुजुर्ग ऐसे पकडते थे."

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण नंतर मी व्हिडिओ पाहिले. रिकर्व्हचे मोठमोठे खेळाडू मनगट वर उचलून, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्यावरच धनुष्य पेलताना दिसले. मग म्हटलं, मनगटही असंच उंच ठेव. शाळेच्या खेळाच्या सरांनी तिला पहिल्याच दिवशी "हात सैल ठेव" एवढंच सांगितलं होतं. मी त्यांचं सांगणं पुसून माझं लिहिलं.

चूक कुठे होती, हे आता समजतं.

तिचं धनुष्य म्हणजे मध्ये सरळ दांडा आणि त्यावर गुंडाळलेली कापडाची पट्टी. रिकर्व्हची मूठ कोरलेली असते. तिला उतार असतो, अंगठ्याखालच्या उंचवट्याला टेकायला जागा असते. त्या आकारावर मनगट उंच ठेवलं तर हाडं एका रेषेत येतात आणि ओढीचा भार खांद्याकडे जातो. सरळ दांड्यावर तसं केलं तर खाली टेकायला काही नसतं. दहा-बारा किलोंची ओढ मनगटाला मागे मोडायला बघते आणि स्नायू तिला धरून ठेवायला बघतात. रोजच्या साठ-सत्तर बाणांत हे भांडण साठ-सत्तर वेळा होतं. सरळ दांड्यावर हात थोडा खाली बसू द्यावा लागतो, म्हणजे भार बेचक्यापासून अंगठ्याखालच्या गादीपर्यंत पसरतो. अगदीच खाली बसून मनगटाजवळची गादी दाबत राहिलं तर बाण वर-खाली पडतात. म्हणून मधली जागा शोधायची आणि मग ती बदलायची नाही.

दुसरी गोष्ट मुठीची. दोरी सुटते त्या क्षणी आवळलेली बोटं धनुष्याला पीळ देतात. सुटलेला बाण त्या पिळासोबत बाजूला जातो आणि दोरी कोपराखाली फटका मारते. तिच्या हातावर निळे डाग होते. मी ते मेहनतीचे समजत होतो.

आणि बुजुर्गांची पकड? ते अंगठ्याने दोरी ओढायचे, अंगठ्यात कडं घालून. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला टेकायचा. धनुष्य शिंगाचं, स्नायूंचं, आखूड, कित्येकदा घोड्यावरून चालवायचं. माझी लेक तीन बोटांनी ओढते, तिचा बाण डाव्या बाजूला असतो. त्यांची मूठ त्यांच्या कामाची होती. मी ती उचलून एका चौदा वर्षांच्या पोरीच्या हातात कोंबली, कारण मला अभिमान वाटायला हवा होता.

डॉक्टरांनी कंडरांना सूज असल्याचं सांगितलं. तीन आठवडे धनुष्य बंद. घरी येताना तिची अम्मी एकच वाक्य बोलली, "किताब में बच्ची का हाथ थोड़ी था."

तिसऱ्या आठवड्यात मी लेकीला घेऊन झरी जामणी तालुक्यातल्या एका कोलामपोडावर गेलो. तिथल्या शाळेवर मी पूर्वी चार वर्षं होतो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पोड म्हणजे कोलामांची वस्ती. घरात ते कोलामी बोलतात, द्रविड कुळातली भाषा. बांबूच्या कामात त्यांचा हात बसलेला असतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आजोबांच्या घरी भिंतीला कमठा टांगलेला असायचा. १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, पण कमठा भिंतीवर राहिला. बाबांनी तो खाली काढला. बांबूची सालीची बाजू बाहेर, पोट आत. ताण सोसण्याची ताकद सालीकडच्या धाग्यांत असते, म्हणून. दोरीही बांबूच्याच चिपेची.

लेकीने कमठा हातात घेतला, न ओढता नुसता धरला. बाबा हसले.

"गुरुजी, पोरीनं हे कुऱ्हाड धरल्यावानी धरलं."

मी म्हटलं, "बाबा, मीच शिकवलं."

"मंग तुमालेच रागवा लागते," असं म्हणून ते तिला दाराशी घेऊन गेले. "माय, हे दार लोट पाहू. पण बोटानं धरू नको."

तिने हात पुढे केला आणि दार लोटलं. बाबांनी तिचा हात तिथेच थांबवला. बोटं सुटी होती. पेरांची ओळ उभी नव्हती, आडवीही नव्हती, तिरपी होती. दाराचा भार अंगठ्याच्या बाजूला, आयुष्यरेषेच्या अलीकडे पडला होता. मनगट वर उचललेलं नव्हतं, मोडलेलंही नव्हतं. कोपराचा कोन आपोआप बाहेर वळला होता.

"हाच हात कमठ्याले दे. कमठ्याले लोटाचं असते, आवळाचं नसते."

मी विचारलं, पोडावर सगळे असंच धरतात का? बाबांनी मान हलवली. "माह्या भावाचा पंजा मोठा होता. थो जरा खाली धरे. ज्याचा हात त्याले माहीत."

परतताना एसटीत मी एका शब्दावर अडकलो होतो. मराठीत हत्याराच्या दांड्याला आपण मूठ म्हणतो आणि आवळलेल्या पंजालाही मूठच म्हणतो. फारसी-उर्दूत धनुष्याच्या मधल्या भागाला कब्जा म्हणतात. तोच शब्द मराठीत सातबाऱ्याच्या भांडणात येतो. माझ्या दोन्ही भाषा मला आवळायलाच सांगत होत्या. बाबांच्या सांगण्यात दोन्ही शब्द नव्हते. त्यांनी क्रियापद दिलं, लोटणं.

घरी येऊन ते भाषांतर पुन्हा उघडलं. यावेळी अभिमानासाठी वाचत नव्हतो, म्हणून आधी सोडून दिलेली पानं दिसली. त्या अरबी परंपरेत तीन उस्ताद मानले जातात: अबू हाशिम, ताहिर बल्खी आणि इसहाक रक्की. धनुष्य धरण्याबद्दल तिघांचं एकमत नाही आणि ग्रंथकाराने हा मतभेद लपवलेला नाही, तिघांच्या रीती नोंदवल्या आहेत. 'अपने बुजुर्ग ऐसे पकडते थे' असं मी ठोकून दिलं होतं. बुजुर्ग तीन तऱ्हांनी पकडत होते. झरी जामणीच्या बाबांनी भावाच्या पंजाबद्दल सांगितलं, त्याची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन खेळाच्या सरांची माफी मागितली. त्यांनी चहा मागवला आणि विषय पुढे नेला. सैल हातातून धनुष्य सुटून पडेल, ही भीती लेकीच्या मनातून जात नव्हती. सरांनी बुटाच्या नाडीचा छोटा फास करून तिच्या अंगठ्यात आणि तर्जनीत अडकवला. बाण सुटल्यावर धनुष्य पुढे झेपावतं आणि नाडीत अडकतं. पकडून ठेवायची गरजच उरत नाही. दोन दिवसांत तिची बोटं सुटी झाली.

एक युक्ती माझीही आहे. शिक्षकाच्या खिशात खडू असतोच. कापडाच्या पट्टीवर खडूची पूड चोळायची आणि बाण सोडल्यावर तळहात बघायचा. पांढरा डाग रोज, प्रत्येक बाणाला एकाच जागी उमटला पाहिजे. डाग आयुष्यरेषा ओलांडून करंगळीकडे सरकला की समजायचं, मूठ पुन्हा आवळली गेली. पहिल्या आठवड्यात डाग हातभर फिरत होता. महिनाभराने तो रुपयाएवढा झाला. तो नेमका कुठे असावा हे मी सांगितलं नाही. तिनेच तीन जागा करून पाहिल्या आणि ज्या जागी मनगट संध्याकाळी शांत राहिलं ती ठेवली. ती बाबांनी दाखवली होती त्याहून किंचित खाली आहे. तिचा अंगठा आखूड आहे, माझ्यासारखा.

स्पर्धेत ती पुढच्या फेरीसाठी निवडली गेली नाही. ३० मीटरला बाण एकत्र पडले, ५० मीटरला वाऱ्याने घात केला. परतताना ती रडली नाही, नुसती खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळाने डावा हात माझ्यासमोर धरून तिने मनगट गोल फिरवून दाखवलं. "देखो अब्बा, दुखता नहीं."

आता रोज असरनंतर आम्ही मैदानावर जातो. ती मारते. मी निशाणापर्यंत चालत जातो, बाण उपटतो, पुसतो आणि परत आणून देतो. हाताबद्दल काही बोलत नाही. तिने विचारलं तर तेवढा खडू पुढे करतो.