ऐकू येतंय का?

प्रत्येक प्राध्यापकाचे एक पालुपद असते, आणि मुले पाठीमागे त्याची नक्कल करतात. माझे पालुपद 2020 साली बदलले. "ऐकू येतंय का?" हे ते नवे पालुपद. त्याआधी हा प्रश्न विचारण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आवाज देवाने खणखणीत दिला आहे. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही ऐकू जात असे, मग त्याची इच्छा असो वा नसो! पण त्या वर्षी 25 मार्चपासून सारा देश घरात बसला, आणि काही दिवसांतच शिवडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनसमोर मी बी.ए.च्या वर्गाला मराठी शिकवू लागले. प्रश्न विचारायचा आणि पलीकडून "हो मॅडम" येईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचे.

आता ते दिवस गेले. पण पडद्यावरचा वर्ग काही गेलेला नाही. सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावरचे अभ्यासक्रम करून एका सत्रातली 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांके मिळवण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये दिली; नोकरी करणाऱ्या मुलांसाठी संध्याकाळचे तास अजून ऑनलाइन होतात. त्यामुळे नव्याने रुजू झालेली सहकारी मंडळी मला अधूनमधून विचारतात, "मॅडम, तुम्ही हे कसं जमवता?" त्यांना वाटते, मी एखादे यंत्र किंवा ॲप सुचवीन. मी सांगते ते ऐकून त्यांचा थोडा विरसच होतो.

खिडकीकडे पाठ नको, तोंड करून बसा. नाहीतर तुम्ही मुलांना भुतासारखे दिसाल. इयरफोन लावा. कुकर आधी लावून घ्या. यंत्राविषयीचे माझे ज्ञान इथे संपते.

खरी गोष्ट मला आमच्या सासूबाईंनी सांगितली. कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर मेथी निवडत बसून त्या माझी सगळी व्याख्याने ऐकत. (हजेरीच्या बाबतीत त्यांच्याइतका नियमित विद्यार्थी मला मिळालेला नाही.) दुसऱ्या आठवड्यात तास संपल्यावर त्या म्हणाल्या, "छान बोललीस हो. पण त्या पोरांपैकी कुणी एक शब्द तरी बोललं का?"

दुरून शिकवण्याचे सारे मर्म या प्रश्नात आहे. तसे पाहिले तर हे शिक्षण काही 2020 मध्ये जन्माला आले नाही. मुंबई विद्यापीठाचे पत्रद्वारा अभ्यासक्रम 1971 मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाची पहिली विद्यार्थी मंडळी बीबीसीवरची व्याख्याने पाहू लागली. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चे. इंग्लंडच्या त्या विद्यापीठाचा बोलबाला दूरदर्शनवरच्या व्याख्यानांमुळे झाला खरा, पण विद्यार्थ्याने लिहून पाठवलेला स्वाध्याय वाचून त्यावर सविस्तर शेरा लिहिणारा शिक्षक हा तिथल्या शिकवण्याचा कणा होता. जाणारे व्याख्यान सोपे असते हो. परत येणारे उत्तर कठीण.

म्हणून मी व्याख्यान कापले. पन्नास मिनिटांचा तास जसाच्या तसा पडद्यावर चढवण्यात अर्थ नाही. बारा-पंधरा मिनिटे बोलायचे, मग एकच प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचे. मनातल्या मनात दहा अंक मोजावेत. वर्गात शांतता असते तेव्हा मुलांचे चेहरे दिसतात. इथे काळ्या चौकोनांची शांतता असते, आणि ती सहन न होऊन आपणच उत्तर देऊन टाकतो. देऊ नये. आज कोणत्या पाच जणांना बोलायचे आहे ते आदल्या दिवशी कळवावे; म्हणजे मुले बिचकत नाहीत.

कॅमेरा सुरू करण्याची सक्ती मी कधी केली नाही. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तिच्यात आजोबा झोपलेले असतात, आई भांडी घासत असते, भावाचा वेगळा वर्ग चालू असतो. ते सारे साठ जणांना दाखवावे असे कोणत्या मुलीला वाटेल? शिवाय चित्रासह तासभर वर्ग म्हणजे सहज अर्धा-एक जीबी. ज्यांना दिवसाला दीड जीबी मिळे आणि त्यात दोन भावंडे, त्यांनी करावे काय?

स्वाध्याय असा द्यावा, की त्याची नक्कल करताच येऊ नये. मी मुलांना सांगितले, "तुम्ही आत्ता जिथे आहात तिथून जे दिसतं ते लिहा." माझ्यापुरते म्हणाल तर शिवडीच्या खाडीत, चिखलात चोच उलटी घालून रोहित पक्षी चरतात, ते मी लिहून दाखवले. एकाने कुडाळजवळच्या गावातून काजूच्या बागेविषयी लिहिले. लालबागच्या एका मुलाने त्या वर्षीच्या गणपतीविषयी लिहिले. 'लालबागच्या राजा'ची मूर्ती 2020 मध्ये बसली नाही, मंडळाने रक्तदानाचा 'आरोग्योत्सव' केला; आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या गल्लीचा रस्ता भाद्रपदात रिकामा दिसला. त्या वर्षी ऑक्टोबरात अंतिम वर्षाची परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची झाली. चार पर्यायांत हा मुलगा मावला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्गात 64 मुले. प्रत्येकाच्या लिखाणावर दोन मिनिटे बोलायचे तर दोन तासांवर वेळ जातो. म्हणून आठवड्याला सोळा जणांची पाळी लावली. वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर यायचा, आणि मी लेखी शेऱ्याऐवजी बोलून शेरा पाठवायची. ही पद्धत मी अजून सोडलेली नाही.

हजेरीपटावर मात्र एक नाव सलग तीन आठवडे गैरहजर लागत होते. मुलगी तिसऱ्या वर्षाची, हुशार. मी फोन केला तो वडिलांनी उचलला. ते रुग्णालयात वॉर्डबॉय होते. घरात फोन एकच, तो सकाळी त्यांच्याबरोबर जाई आणि रात्री नऊला परत येई. नंतर मुलीशी बोलणे झाले. "मॅडम, यंदा सोडून देते. पुढच्या वर्षी बघू," ती म्हणाली. मुलींचे 'पुढच्या वर्षी' म्हणजे काय असते, हे मला चांगले ठाऊक आहे.

त्या दिवसापासून रोजच्या तासाचे सार मी बारा मिनिटांत बोलून मुद्रित करू लागले. नुसता आवाज, चित्र नाही. सर्वांनाच पाठवले, म्हणजे तिला उपकार वाटू नयेत. रात्री दहाच्या सुमारास तिचे उत्तर येई. खोलीत माणसे झोपलेली, म्हणून ती गॅलरीत उभी राहून कुजबुजत बोले. मागे कुठे नळाचा आवाज, कुठे कुणाचा खोकला. दोन वेळा तिने माझ्या अर्थाशी मतभेद दाखवला, तोही कुजबुजत!

ती 2021 मध्ये बी.ए. झाली. कॉलेजे उघडली त्या वर्षीच्या 20 ऑक्टोबरला. म्हणजे शेवटच्या वर्षात मी तिला एकदाही पाहिले नाही. पुढे कागदपत्रे न्यायला ती आली होती, पण तेव्हा मी वर्गात होते, आणि आमची चुकामूक झाली. त्या दिवशी भर दुपारी तिची व्हॉइस नोट आली. आवाज इतका मोठा, की मला क्षणभर ओळखूच आला नाही.

"मॅडम, नोकरी लागली. हा फोन माझा आहे."