कडुनिंबाची ढोली

कन्हेरीतल्या आमच्या घरामागे जुना कडुनिंब आहे. त्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहायची. तीन वर्षांपूर्वी अब्बा अंथरुणाला खिळले होते. रात्री पिंगळे कलकलू लागले, की अम्मीचा जीव घाबराघुबरा व्हायचा. "मनहूस है, भगाव उसको," म्हणायची. अखेर एके संध्याकाळी ढोली रिकामी पाहून आम्ही तीत विटांचे तुकडे कोंबले आणि वरून सिमेंट लिंपले. पिंगळे गेले. महिनाभराने अब्बाही गेले. तेव्हा झाडावर ओरडायला कोणीच नव्हते.

यंदा शाळेत मुलांसाठी पक्ष्यांची माहिती जमवताना रानपिंगळा भेटला. हा आपल्या पिंगळ्याचा जंगलातला भाऊबंद. १८७३ साली ह्यूम यांनी त्याचे पहिले वर्णन लिहिले. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद मिळेना, म्हणून तो संपला असेच बहुतेकांनी धरले. मग २५ नोव्हेंबर १९९७ रोजी पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो आपल्या महाराष्ट्रातच, शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. ११३ वर्षांनी! पुढे तो तोरणमाळ, मेळघाट आणि तानसाच्या जंगलांतही सापडला.

घुबड असूनही रानपिंगळा दिवसाउजेडी शिकार करतो. उघड्या फांदीवर बसून शेपटी झटकतो आणि सरडे, सापसुरळ्या, उंदीर, किडे टिपतो. अंडी मात्र झाडाच्या ढोलीतच घालतो, आणि ढोली त्याला स्वतः कोरता येत नाही. जुनी झाडे तुटली, की त्याचे घर गेले. त्यात जादूटोण्यासाठी घुबडे मारणारेही आहेत.

हे मुलांना सांगताना आमची जीभ अडखळली. आमच्या हातावरचे सिमेंट आम्हाला आठवले. हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) अपशकुनाची समजूत नाकारली आहे, त्यात 'हामा'चे नावही आहे. हामा म्हणजे घुबड, असा अर्थ अनेक आलिमांनी सांगितला आहे. हे आम्हाला ठाऊक होते. पण घरात आजार शिरला, की ठाऊक असलेलेही माणूस विसरतो.

गेल्या महिन्यात आम्ही छिन्नी-हातोडी घेऊन ढोली मोकळी केली. अम्मी बाजेवर बसून पाहत होती. शेजारच्या उसात उंदीर फार झालेत, पिंगळा ते खातो, असे तिला सांगितले. ती काही बोलली नाही.

ढोली अजून रिकामीच आहे. जे एका संध्याकाळी बुजवले, ते पुन्हा वसायला किती दिवस लागतील, कोण जाणे. पण मगरिबची नमाज झाली, की अम्मी खिडकीशी येते. परवा हळूच म्हणाली, "आज भी नहीं आया क्या?"