रायरेश्वरावरची वस्ती

भोरहून आंबवडे मागे टाकून कोर्ल्याकडे निघाले की टेबलासारखा सपाट माथ्याचा एक अजस्र डोंगर समोर आडवा येतो. हा रायरेश्वर. १६४५ साली शिवरायांनी येथील महादेवासमोर स्वराज्याची शपथ घेतली, अशी परंपरा आहे, आणि शालेय पुस्तकामुळे ती आपणा सर्वांच्या मनात घर करून आहे. मात्र सुमारे साडेचार हजार फूट उंचीवरच्या या पठारावर मंदिराची सेवा करणाऱ्या जंगमांची एक वस्ती पिढ्यान् पिढ्या नांदते आहे, हे पुस्तकाने मला सांगितले नव्हते.

ते मला प्रथम कळले १९९२ साली. पुण्याच्या पेपल सेमिनरीत शिकणारे आम्ही चौघे सुटीत तेथे गेलो होतो. अंधार पडला, म्हणून एका आजींनी आम्हांला पडवीत आसरा दिला. नाचणीची भाकरी, पिठले आणि वर विचारपूस. शिकल्यासवरल्या माणसाला न शोभणारा एक प्रश्न मी त्यांना केला: "आजी, येथे कोणी आजारी पडले आणि चालवेनासे झाले तर?" त्यांनी चुलीतले लाकूड पुढे सारले आणि म्हणाल्या, "मानसं हाईत की."

त्या वर्षी वर्गात आम्हांला छोट्या ख्रिस्ती समूहांविषयी शिकवले जात होते. वही भरून टिपणे मी काढली होती. आजींचे तीन शब्द मात्र त्यांत नव्हते.

मावळात इर्जिक म्हणून एक रीत आहे. एकाच्या शेतावर साऱ्यांनी आपापले बैल घेऊन जायचे, दिवसभर राबायचे. मजुरी नाही, शेतधन्याने जेवू घालायचे, एवढेच. पुढे एका वृद्ध आयरिश धर्मगुरूंना मी हे सांगितले, तेव्हा त्यांचे डोळे चमकले. त्यांच्या बालपणीच्या खेड्यातही गवत कापणीला शेजारी असेच एकत्र येत. त्या मेळ्याला ते 'मेहल' म्हणत. "आता तेथे घरे आहेत," ते म्हणाले, "पण धूर निघणारी धुराडी मोजकीच." तरुण मंडळी बोस्टनला आणि मँचेस्टरला गेली होती. आपल्याकडची पुण्याला आणि शिरवळच्या कारखान्यांत जातात. अंतर कमी, परिणाम तोच.

गेल्या सप्टेंबरात धर्मग्रामातील दोन युवकांसह मी पुन्हा वर गेलो. सोनकीने पठार पिवळे झाले होते. अलीकडे येथे सुटे भाग करून ट्रॅक्टरही वर चढवला आहे. माणसाच्या जिद्दीला काय म्हणावे! आजी अर्थातच राहिल्या नव्हत्या. त्यांच्या घरी पोहोचलो तर गडबड चाललेली. शेजारचे एक बाबा रात्रभर पोटदुखीने तळमळत होते. त्यांना खाली न्यायचे, तर बांबू आणि घोंगडीची डोली तयार. खांदे मात्र अपुरे. घरचे कर्ते दोघे पुण्याला. वस्तीत त्या वेळी धडधाकट पुरुष होते तीन.

आम्ही तिघांनी खांदा दिला. पठारावर निभावले. लोखंडी शिडीशी मात्र डोली तिरकी झाली, सारा भार खालच्या बाजूला आला आणि त्या बाजूला होतो मी. चार पायऱ्यांतच माझे गुडघे लटपटू लागले. "सर, सोडा," असे म्हणत (पँट-शर्टातल्या मला सारे शिक्षकच समजत होते) चाळिशीच्या एका बाईंनी पदर खोचला आणि बांबू माझ्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर घेतला. मी मागून रिकाम्या हातांनी उतरलो. व्यासपीठावरून सेवेविषयी किती वेळा बोललो असेन मी!

पायथ्याशी जीप उभी होती. भोरला शस्त्रक्रिया झाली, बाबा वाचले. पंधरा दिवसांनी फोन केला तर ते परत वर पोहोचलेले. मुलगा पुण्याच्या आपल्या दोन खोल्यांत राहायला बोलावत होता. त्याचे चूक नाही, नातवंडांच्या शाळा तेथे आहेत. बाबांचेही चूक म्हणवत नाही. मुलगा चिडला आहे, एवढेच खरे.

त्या दिवशी निघताना मी त्या बाईंना पैसे देऊ लागलो. त्यांनी घेतले नाहीत. "परत याल तेव्हा पोरं घेऊन या," म्हणाल्या. "नाचणीच्या काढणीला हात कमी पडत्यात."

परतल्यावर रविवारी मिस्सानंतर मी हे सांगितले. अकरा युवकांनी नावे दिली. त्यांतील तिघांचे पालक नंतर येऊन भेटले. काढणीच्या सुमारासच परीक्षा आहे, म्हणाले. आठ जणांसाठी जीप ठरवली आहे. मीही जाणार आहे, पण विळा घेऊन. बांबूचे अजून धाडस होत नाही.