तेल कुठलं?

बाबांनी काढलेलं आजीचं तैलचित्र आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. गेल्या पावसाळ्यात आजीच्या गालावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटायला लागला. चित्रं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न केला, "रंगात तेल कुठलं घातलं होतं?" बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. आता विचारू कुणाला?

त्या प्रश्नाच्या मागे वाचत वाचत पोचले कुठे, तर जपानमध्ये! तिथल्या जुन्या तैलचित्रांनाही अभ्यासक हेच विचारतात.

ताकाहाशी युइची (1828-1894) हा सामुराई घराण्यातला माणूस. तैलरंग शिकायचे म्हणून 1866 मध्ये, वयाच्या 38 व्या वर्षी, योकोहामाला चार्ल्स वर्गमन या इंग्रजाकडे गेला. 1877 च्या सुमाराचं त्याचं 'साके' हे चित्र तोक्योच्या कला विद्यापीठाच्या संग्रहात आहे. दोरीला टांगलेला खारवलेला सामन मासा, एका बाजूने कापलेला, आतलं लालसर मांस दिसतंय. उंची 140 सेंटिमीटर, रुंदी जेमतेम 46. आणि हे तैलचित्र चक्क कागदावर! (त्याचे असेच मासे कॅनव्हासवर आणि लाकडी फळीवरही आहेत. जे हाताशी येईल त्यावर हा माणूस रंगवत असणार, असं आपलं मला वाटतं.)

अशा चित्रांवर, धक्का न लावता, क्ष-किरण सोडतात. प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत देतं. तांबड्यात पारा सापडला तर हिंगूळ, पांढऱ्यात शिसं सापडलं तर शिशाचा सफेदा. आपल्याकडे सराफाच्या दुकानात सोन्याचा कस सांगणारं यंत्र असतं ना, तेच तत्त्व.

पण तेलापुढे हे यंत्र गप्प. तेल म्हणजे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. इतकी हलकी मूलद्रव्यं त्याला दिसत नाहीत. मग रंगाचा टाचणीच्या टोकाएवढा कण काढायचा आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने त्यातली मेदाम्लं मोजायची. पामिटिक आणि स्टिअरिक आम्लांच्या प्रमाणावरून जवस, अक्रोड की खसखस याचा अंदाज बांधतात. जपानमध्ये त्यातही घोळ आहे. तिथे छत्र्यांच्या कागदाला एगोमाचं तेल लावत. एगोमा तुळशीच्या कुळातलं, पण तेल बरंचसं जवसासारखं. दोन्हींत लिनोलेनिक आम्ल भरपूर, दोन्ही हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतात. म्हणजे कण काढूनही उत्तर 'बहुधा' असंच यायचं.

हे सगळं आईला सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "अगं, जवसाचं संपलं म्हणून एकदा त्यांनी माझं शेंगदाण्याचं तेल घातलं होतं. चित्र वर्षभर चिकट होतं." शेंगदाण्याचं तेल तसं सुकत नाहीच. ते चित्र हेच का, हे मात्र तिला आठवत नाही.

गृहस्थ म्हणतात, आजीच्या पदराच्या काठाचा, चौकटीखाली झाकला जाणारा एक कण द्या, तपासून घेऊ. मी अजून हो म्हटलेलं नाही.