या वयात ऑपरेशन?

"डॉक्टर, आई ८५ वर्षांची आहे. भूल झेपेल का? त्यापेक्षा घरी नेतो, पायाला वजन लावून ठेवतो." खुब्याच्या फ्रॅक्चरचा एक्स-रे दाखवला की बहुतेक घरांतून हेच ऐकायला येतं. काळजी खरी असते. पण तराजूच्या एकाच पारड्याकडे पाहिलेलं असतं.

दुसऱ्या पारड्यात अंथरूण आहे. हलताच येत नसलं की खोकून कफ निघत नाही, न्यूमोनिया होतो. पायाच्या शिरेत गुठळी धरते आणि सुटून फुप्फुसात अडकते. माकडहाडावरची कातडी जाते. कॅथेटरमुळे लघवीत जंतुसंसर्ग, त्यातून ताप, रात्रभर बरळणं, मग खाणं बंद. मृत्यूच्या दाखल्यावर खुब्याचं नाव क्वचितच येतं.

उतारवयात खुबा मोडलेल्यांपैकी साधारण २० ते ३० टक्के माणसं वर्षभरात दगावतात, असं जगभरच्या पाहण्या सांगतात. पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे. हाड बायकांचं जास्त मोडतं, पण मोडल्यावर पुरुष अधिक दगावतात. अर्थात सगळं पाप हाडाच्या माथी मारता येणार नाही. मोरीकडे जाताना तोल गेला तो मुळात हृदयाच्या, मेंदूच्या किंवा झोपेच्या गोळीच्या कारणाने, असंही असतं.

मांडीच्या हाडाची मान मोडून हाड सरकलं असेल तर मानेवरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, म्हणून आम्ही गोळाच बदलतो. मानेच्या खाली मोडलं असेल तर रॉड घालतो. दोन्हींचा हेतू एकच: दुसऱ्या दिवशी माणूस खाटेवरून उठवायचा. आधीपासून न चालणाऱ्या आजीलाही मी बहुधा ऑपरेशनच सुचवतो. निदान कूस बदलताना ती किंचाळू नये.

मग "धाकटा दुबईहून येऊ दे" सुरू होतं. घाई किती करावी, याचं उत्तर २०२० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका चाचणीतून आलं. भारतासह १७ देशांत सुमारे ३ हजार रुग्णांवर झालेल्या या चाचणीत एका गटाला निदानानंतर सहा तासांच्या आसपास थिएटरात न्यायचं, दुसऱ्याला नेहमीप्रमाणे, म्हणजे साधारण दिवसभराने. मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. पण लवकर नेलेले कमी बरळले आणि लवकर उभे राहिले. म्हणजे तासांची घाई नको. पोटॅशियम बिघडलं असेल तर एक दिवस थांबून ते सुधारावं. आठवडाभर मात्र कुणासाठीही थांबू नये, धाकट्यासाठी तर नाहीच.

इंग्लंडने २००७ पासून अशा प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंद ठेवायला घेतली आणि अस्थिशल्यविशारदाच्या जोडीला वृद्धरोगतज्ज्ञ उभा केला. तीस दिवसांतले मृत्यू सुमारे ११ टक्क्यांवरून २०११ पर्यंत साडेआठवर आले. आपल्याकडे हा दुसरा डॉक्टर मोठ्या शहरांतही दुर्मीळ. तालुक्याला फिजिशियनने रोज फेरी मारली तरी पुष्कळ.

आमच्या व्यवसायाचा खरा आळस पुढे दिसतो. डिस्चार्ज कार्डावर टाके काढायची तारीख असते, ठिसूळ हाडांवर औषध नसतं. २००७ च्या एका मोठ्या चाचणीत खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत सुरू केलेल्या, वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायच्या झोलेड्रॉनिक ॲसिडने नवी फ्रॅक्चर्स ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी घटले होते. आधी मूत्रपिंडं तपासावी लागतात, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरून काढावं लागतं. नातेवाईक रॉडच्या कंपनीबद्दल तासभर विचारतात. या औषधाबद्दल मला आजवर कुणी आपणहून विचारलेलं नाही.