हयातीचा दाखला



आणखी दोन-तीन वर्षांनी तुमच्यापैकी अनेक जण महाविद्यालयात प्रवेश घेण्यासाठी अर्ज भरतील. अर्ज म्हणजे चौकटींचा कागद. एका चौकटीत नाव, दुसरीत जन्मतारीख, तिसरीत परीक्षेचे गुण. या चौकटी भरायला वेळ लागत नाही. पण काही अर्जांत एक मोठी कोरी जागा असते. तिच्यावर लिहिलेले असते : 'हाच विषय तुम्हाला का शिकायचा आहे?' तेथे मात्र हात थांबतो.

ब्रिटनमधील विद्यापीठांत पदवीच्या प्रवेशासाठी 'यूकास' या संस्थेमार्फत अर्ज करतात. २०२६ सालच्या प्रवेशापासून त्या अर्जात तीन प्रश्न असतात. हा विषय का निवडला? शाळेतील अभ्यासाने त्यासाठी कशी तयारी झाली? आणि शाळेबाहेर तुम्ही काय केले? अमेरिकेतील अनेक महाविद्यालये जास्तीत जास्त ६५० शब्दांचा निबंध मागतात. आपल्या देशात बहुतेक प्रवेश गुणांवर किंवा प्रवेश परीक्षेवर होतात. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी २०२२ पासून देशभर सामाईक परीक्षा घेतली जाते. काही संस्था मुलाखतही घेतात. जेथे कोणीच काही विचारत नाही, तेथे हा प्रश्न आपणच आपल्याला विचारायचा असतो. त्याचे उत्तर गुणपत्रिकेत मिळत नाही. आपण जे पाहिले, जे सोसले आणि ज्याची आवड धरली, त्यात ते मिळते.

हे मी कशावरून म्हणते, ते सांगते. माझे बालपण मालेगावात गेले. आमच्या मोहल्ल्यात दिवसरात्र यंत्रमागांची खडखड चाले. शुक्रवारी माग बंद असत. त्या दिवशी इतकी शांतता वाटे, की घरातले लोक उगाचच हळू आवाजात बोलत. अब्बा मागावर काम करत. अम्मी घरी कांड्या भरत असे. मी उर्दू शाळेत जात होते आणि तुमच्यासारखीच मराठी दुसरी भाषा म्हणून शिकत होते. मराठीचा तास संपला की मराठीही संपे. घरात नाही, गल्लीत नाही.

२००१ साली मी आठवीत होते. आमच्या शेजारी एक खाला राहत. त्यांचे पती वारले होते आणि त्यांना संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मिळत असे. एकदा दोन महिने पैसे आले नाहीत. खालांनी फळीवरून एक कागद काढून मला दिला. सरकारी कार्यालयातून आलेला तो कागद मराठीत होता. खालांना उर्दू उत्तम वाचता येई, पण मराठी येत नसे. कागद तसाच पडून राहिला होता.

मी एकेक शब्द लावत वाचू लागले. मध्येच दोन शब्द आले : 'हयातीचा दाखला'. मी थबकले. हयात! हा तर आपलाच शब्द. हयात म्हणजे जीवन. मग दाखला? उर्दूत आपण शाळेतल्या प्रवेशाला दाखिला म्हणतो. येथे प्रवेशाचा काय संबंध? मी शाळेतल्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मराठीत दाखला म्हणजे प्रमाणपत्र. माणूस जिवंत आहे, याचे प्रमाणपत्र म्हणजे हयातीचा दाखला." तो मुदतीत दिला नव्हता म्हणून पैसे थांबले होते. माझे अब्बा खालांबरोबर कार्यालयात गेले. दाखला दिला गेला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले.

त्यानंतर आमच्या दारात कागद येऊ लागले. विजेची बिले, शिधापत्रिकेचे अर्ज, दवाखान्याच्या सूचना. मी वाचून दाखवू लागले. वाचता वाचता मला एक छंदच लागला. जो शब्द दोन्ही भाषांत आहे, तो मी वहीत लिहू लागले. अर्ज, मुदत, तारीख, हजर, वकील, तहसील, जमीन, किल्ला. काही शब्दांचा अर्थ तोच होता. काहींचा 'दाखल्या'सारखा बदललेला होता. शब्दही माणसांसारखे एका घरातून दुसऱ्या घरी जातात आणि तेथल्या रीतीने राहू लागतात, हे मला त्या वहीने शिकवले. मराठी मला परकी वाटेनाशी झाली.

बारावीनंतर पदवीसाठी मी मराठी विषय मागितला, तेव्हा प्राध्यापकांनी विचारले, "तुमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मग मराठीच का?" मी ती वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ पाने उलटली आणि म्हणाले, "या वर्गात." पुढची वाट सोपी नव्हती. माझा 'ळ' नीट उमटत नसे. कोणता शब्द पुल्लिंगी आणि कोणता नपुंसकलिंगी, यात मी अडखळत असे. पण सोडून द्यावे, असे वाटले नाही. मी मराठी कशासाठी शिकत आहे, हे मला पक्के माहीत होते. पुढे मी बी.एड. केले आणि आज उर्दू शाळेतच मराठी शिकवते.

आवड माणसाला कशी घडवते, याचे एक मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. त्यांना मामांनी वाढवले. एकदा छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथे मिलार्ड नावाच्या इंग्रज चिटणीसांनी चिमणी ओळखली. एवढेच नव्हे, तर पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तके दिली. त्या मुलाच्या मनात जो प्रश्न उठला, तो आयुष्यभर शमला नाही.

विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे त्यांना पक्षिशास्त्रज्ञाची सरकारी जागा मिळाली नाही. तरी ते शिकत राहिले. बर्लिनला जाऊन त्यांनी तज्ज्ञांच्या हाताखाली अभ्यास केला. परत आल्यावर १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावी त्यांनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. उर्दूत आपण या पक्ष्याला बया म्हणतो. सुंदर घरटे नर विणतो आणि मादी ते पसंत करते, मग नर आणखी घरटे विणायला घेतो, हे त्यांनी तपशिलाने नोंदवले. आपण विणकरांची मुले. विणणाऱ्या पक्ष्याकडे इतके लक्ष देऊन पाहणारा माणूस आपल्याला जवळचा वाटायला हवा.

आवडीच्या जोडीला चिकाटीही लागते. कमला सोहोनी यांच्या घरी वडील आणि काका रसायनशास्त्राचे अभ्यासक होते. त्यामुळे ती आवड त्यांना घरातच लागली. १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला. गुण उत्तम होते, तरी मुलगी म्हणून त्यांना नकार मिळाला. त्या मागे हटल्या नाहीत. अखेर काही अटींवर त्यांना प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून इतर मुलींनाही ते दार उघडले. १९३९ साली त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

तुम्ही म्हणाल, "बाई, ही मोठी माणसे. आमच्याजवळ सांगण्यासारखे काय आहे?" माझा एक विद्यार्थी असेच म्हणायचा. तो सकाळी शाळेत येई आणि संध्याकाळी वडिलांच्या मागावर बसे. कामाविषयी बोलायची त्याला लाज वाटे. एक दिवस त्याची वही तपासताना शेवटच्या पानावर मला काही रेघा दिसल्या. विचारल्यावर तो म्हणाला, "धागा किती वेळा तुटतो, ते मोजतो. उन्हाळ्यात जास्त तुटतो, पावसाळ्यात कमी." असे का होते, हे आम्ही विज्ञानाच्या सरांना विचारले. सुती धागा दमट हवेत अधिक मजबूत राहतो आणि कोरड्या हवेत लवकर तुटतो. उन्हाळ्यात कारखान्यात जमिनीवर पाणी का शिंपडतात, ते त्या दिवशी त्याला कळले. सर म्हणाले, "वस्त्रनिर्मितीचेही अभियांत्रिकी शिक्षण असते. आपल्याच राज्यात, इचलकरंजीला, असे महाविद्यालय आहे." घरचे काम हाही शिकण्याचा विषय असतो, हे त्याने पहिल्यांदा ऐकले. पुढे त्याने त्याच शाखेसाठी अर्ज केला. प्रवेश त्याला परीक्षेतल्या गुणांवरच मिळाला. पण कोणता अर्ज भरायचा, हे त्या तुटणाऱ्या धाग्याने सांगितले.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली ही, की अनुभव आणि छंद यांमुळे अभ्यास टळत नाही. गुण हवेतच. गुणांनी दार उघडते. आत गेल्यावर अवघड दिवसांत टिकून राहायला आवड उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट खरेपणाची. कोऱ्या जागेत दुसऱ्याचे वाक्य लिहू नका. आपली गरिबी किंवा दुःख वाढवूनही सांगू नका. ज्याच्या आयुष्यात मोठे संकट आले नाही, त्याच्याजवळही सांगण्यासारखे असते. धाकट्या भावाला गणित समजावणे, दादीच्या औषधांच्या वेळा सांभाळणे, बंद पडलेले घड्याळ उघडून पाहणे, हेही अनुभवच आहेत. त्या कामातून तुम्हाला कोणता प्रश्न पडला, ते सांगा. ऐकणारा त्यावरूनच तुम्हाला ओळखतो.

आज घरी गेल्यावर एक जुनी वही घ्या. तिची शेवटची दहा पाने कोरी ठेवा. रोज एक ओळ लिहा : आज मी काय पाहिले आणि मला काय समजले नाही. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, चुकतमाकत लिहा. दहावीनंतर कोणी विचारेल, "पुढे काय शिकणार?" तेव्हा शेजारच्या मुलाने कोणता अर्ज भरला, हे पाहायला धावू नका. आधी ती दहा पाने वाचा.